ओझं जास्त आहे तुमचं

तेवीस दिवस सायकल चालवून परत आले, आणि भेटेल त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "ॲव्हरेज किती पडलं?"

माहीत नाही. चौथ्या दिवशी सायकलच्या वेग-अंतर दाखवणाऱ्या मीटरमध्ये पावसाचं पाणी गेलं आणि स्क्रीनवर नुसती आठांची रांग दिसायला लागली, तेव्हा तो काढून पिशवीच्या तळाला टाकला. एकूण १,६४० किलोमीटर झाले, हेसुद्धा घरी आल्यावर नकाशावर मोजलं. विचारणाऱ्यांवर माझा राग नाही, मीही वर्षानुवर्षं लोकांना हेच विचारत आले. पण आता हा प्रश्न आला की मला एका पंक्चरवाल्याचं वाक्य आठवतं आणि हसू येतं. त्याच्याकडे येतेच.

रस्ता कुठला, गावं कुठली, ते मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की अर्धे लोक "आमच्याकडची माणसं आहेतच तशी" म्हणून कॉलर ताठ करतात आणि उरलेले अर्धे "तिकडचे लोक? छे!" म्हणून निकाल लावतात. सामान लादलेली सायकल घेऊन एकटं माणूस रस्त्याला लागलं की जे घडतं ते कुठेही बऱ्यापैकी सारखंच घडत असावं, अशी माझी समजूत झाली आहे.

आधी प्रश्नांबद्दल. कुठेही थांबलं की दोन मिनिटांत कोणीतरी येतं. सायकलकडे बघतं, पिशव्यांकडे बघतं, वाकून टायर अंगठ्यानं दाबतं (हे हमखास. परक्या सायकलमधल्या हवेची एवढी काळजी का वाटते, देव जाणे), आणि मग सुरू होतं. कुठून आलात? कुठं चाललात? ही दोन सोपी. तिसरा प्रश्न बाई म्हणून मला जादा: "एकट्याच?" आणि चौथा, खरा अवघड: "पण कशासाठी?"

पहिला आठवडा मी प्रामाणिकपणे काहीबाही सांगत होते. मोकळं वाटतं, शरीर हलकं होतं, माणसं भेटतात. समोरचा समजूतदारपणे मान हलवायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं असायचं की हिचं घरी भांडण झालंय. मग मी ॲनी लंडनडेरीचा मार्ग धरला. ही तीन मुलांची आई १८९४ साली बॉस्टनहून सायकलवर जगाची फेरी करायला निघाली. मूळ आडनाव कोपचोव्स्की. 'लंडनडेरी' हे एका बाटलीबंद पाण्याचं नाव, पैसे घेऊन जाहिरातीसाठी स्वतःला लावून घेतलेलं. पत्रकार भेटले की ती प्रत्येकाला वेगळी कहाणी सांगायची. कधी अनाथ, कधी श्रीमंत घरची वारस, कधी वकील. बराचसा प्रवास तिनं जहाजानं केला, तेही खरं, पण मला तिचा हा खोटेपणा फार आवडतो. 'कशासाठी'चं उत्तर जर कोणाला पटणारच नसेल तर निदान ऐकणाऱ्याची करमणूक तरी व्हावी.

माझी तेवढी झेप नव्हती. मी म्हणायला लागले, "बहिणीकडे चाललेय." लगेच सगळ्यांचं समाधान. "हां, मग ठीक आहे." एका आजींनी तर "तिला आधी कळवलंयस ना?" असं विचारून घेतलं.

मला बहीण नाही.

सामानासकट माझा वेग सपाटीला ताशी पंधरा-सोळा, म्हणजे चालणाऱ्याच्या जेमतेम तिप्पट. या वेगात समोरच्या माणसाला 'हिला थांबवावं का' असा विचार करायला वेळ मिळतो. मला हात वर करायला वेळ मिळतो. नजरानजर होऊन दोघांनाही हसायचं की नाही हे ठरवता येतं. शिवाय सायकलवर नजर गाडीतल्यापेक्षा बरीच उंच असते, कुंपणाच्या भिंतीपलीकडचं दिसतं. तेवीस दिवस मी लोकांच्या मागच्या अंगणांतून डोकावत गेले म्हणा ना. उलट्या बादलीवर बसलेलं मांजर. शेतात हेल्मेट घातलेलं बुजगावणं, काच खाली ओढलेली, जणू आता निघणारच. रस्त्याच्या कडेला पडलेले हातमोजे, कायम एकच, जोडी कधीच नाही. सहाव्या दिवशी एक छान दहा-अकराचा पाना सापडला, तो उचलून पिशवीत टाकला. एका चढावर फुलपाखरानं मला ओव्हरटेक केलं, तेही वाकडंतिकडं उडत. गुरं चरत असली की सगळी एकदम माना वर करतात आणि मी दिसेनाशी होईपर्यंत तशीच बघत राहतात. मोटारीकडे ढुंकून बघत नाहीत. इंजिनाचा आवाज नाही आणि काहीतरी सरकतंय, हे त्यांना संशयास्पद वाटत असावं. मी बोलत जायला लागले. माणसाचा आवाज आला की त्या माना पुन्हा खाली जातात.

आणि दोरीवरचे कपडे. या सफरीत मी दोरीवरचे कपडे वाचायला शिकले. घरात किती जण आहेत, लहान मूल आहे का, कोणी गणवेशाची नोकरी करतं का, म्हातारं माणूस आहे का, सगळं त्या दोरीवर लिहिलेलं असतं. सुरुवातीला हा नुसता विरंगुळा होता.

अकराव्या दिवशी दुपारी एक मोटरसायकलवाला मागे लागला. शेजारून चालवत राहिला. आधी तेच नेहमीचे प्रश्न, मग त्यांच्या पुढचे. मी वेग कमी केला, त्यानंही केला. थांबले, तो पुढे जाऊन थांबला. रस्ता मोकळा, फोनला रेंज नाही. माझ्या बहिणीचा उपयोग होईना. दीडेक किलोमीटर असं गेल्यावर डावीकडे एक घर आलं आणि त्याच्या दोरीवर लहान मुलाचे कपडे, बायकांचे कपडे, एक म्हाताऱ्या माणसाचा सदरा. विचार न करता सायकल आत घातली. पस्तिशीची एक बाई बाहेर आली. मी म्हटलं, "ताई, पाणी मिळेल?" तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या खांद्यावरून फाटकाबाहेर उभ्या मोटरसायकलकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता आत गेली. पाणी नाही आणलं. दोन खुर्च्या आणल्या. एक माझ्यासाठी टेकवली, दुसरी बरोबर फाटकाच्या तोंडाशी ठेवली आणि तिच्यावर स्वतः बसली, रस्त्याकडे तोंड करून, कडेवर पोर घेऊन. तो गेला. ती आणखी दहा मिनिटं तशीच बसून राहिली. मग उठून म्हणाली, "आता पाणी देते."

तिनं मला कुठून आलीस, कुठं चाललीस, काहीच विचारलं नाही.

सायकलवरच्या अनुभवांच्या पोस्टमध्ये सगळी माणसं देवमाणसं असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. सगळी नसतात. माझ्या तेवीस दिवसांत एक हा निघाला, एक बस कोपरापासून वीतभर अंतरावरून गेली, आणि कुत्री तर विचारू नका. (कुत्र्यांचं एवढंच सांगते: पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालायला लागा. बहुतेकांचा रस संपतो. ज्यांचा संपत नाही त्यांच्याबद्दल मला बोलायचं नाही.)

पाण्याचा विषय निघालाच आहे तर जून करी या बाईंबद्दल सांगायला हवं. अमेरिकेला २०० वर्षं झाली म्हणून १९७६ मध्ये तिथे देश ओलांडणारी एक सायकल मोहीम निघाली. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगनपासून पूर्वेच्या व्हर्जिनियापर्यंत, साधारण ६,८०० किलोमीटर, चार हजारांच्या आसपास सायकलस्वार. व्हर्जिनियातल्या ॲफ्टन गावाजवळ या रस्त्याला एक जीवघेणा चढ आहे आणि त्या चढावरच जूनबाईंचं घर. घामाघूम पोरं पाणी मागायला यायला लागली. त्यांनी पाणी दिलं. मग पाण्याबरोबर घरी भाजलेल्या कुकीज द्यायला लागल्या. मोहीम संपली, पण त्या रस्त्यानं सायकलवाले येत राहिले आणि बाई देत राहिल्या, तीसहून जास्त वर्षं. सायकलस्वारांमध्ये त्यांचं नाव 'कुकी लेडी'च पडलं. शेजारचं घर त्यांनी पाहुण्यांना मुक्कामासाठी मोकळं ठेवलं, आणि गेलेल्यांनी पुढून पाठवलेल्या पोस्टकार्डांनी त्याच्या भिंती भरून गेल्या. २०१२ मध्ये त्या गेल्या. स्वतः त्यांनी लांबची सायकल सफर केल्याचं मी कुठेही वाचलं नाही. घरात बसून त्यांनी जेवढे सायकलस्वार पाहिले तेवढे आम्हा फिरणाऱ्यांपैकी कोणी पाहिले नसतील.

माझं मत असं झालंय की त्या चढाइतकंच त्या रिकाम्या बाटल्यांचं श्रेय आहे. पाणी संपलं नसतं तर कोणी दार वाजवलं नसतं.

हल्ली तयारीच अशी होते की कोणाचं दार वाजवायची वेळ येऊ नये. मागे सामानाची गाडी, गाडीत मेकॅनिक, दर वीस किलोमीटरवर आपलंच टेबल मांडलेलं, कानात गाणी, डोळे मीटरवर. मी अशा दोन सफरी केल्या आहेत. सुखाच्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण त्या दोन्ही सफरींत मी अनोळखी माणसाशी एकूण किती वाक्यं बोलले असेन? दहा? पंधरा? आपण चाळीस जण एका रंगाचे टी-शर्ट घालून गावातून जातो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात, हात हलवतात, पण जवळ येऊन टायर कोणी दाबत नाही. वाळवंटात किंवा निर्जन घाटात अर्धी बाटली घेऊन जा, असं अर्थातच मी म्हणत नाहीये. पण वस्तीच्या रस्त्यावर थोडी गरज शिल्लक ठेवून निघावं.

मुंबईहून १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये सहा पारशी तरुण सायकलवर जग बघायला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं शेवटपर्यंत टिकले आणि मार्च १९२८ मध्ये परतले, सुमारे ७१,००० किलोमीटर करून. रस्ते नाहीत, फोन नाही. इराण, मेसोपोटेमिया, सिनाईचं वाळवंट. साडेचार वर्षांत त्या पोरांनी किती दारं वाजवली असतील, याचा हिशेब कोण ठेवणार?

रस्ता विचारण्याचं एक शास्त्र आहे, ते मला उशिरा कळलं. गाडीवाल्याला अंतर विचारलं की तो मिनिटांत सांगतो आणि चढ त्याच्या हिशेबात नसतोच. "सरळच आहे रस्ता, दहा मिनिटं." त्या दहा मिनिटांत माझा एक तास आणि थोडीफार भक्ती खर्च व्हायची. हातगाडी ढकलणारा, डोक्यावर ओझं नेणारा, जुनी सायकल दामटणारा, यांना विचारावं. एका हातगाडीवाल्यानं मला सांगितलं, "तीन दम आहेत. पहिल्या दोनांनंतर झाड आहे, तिसऱ्यानंतर नाही." मी एवढं अचूक वर्णन कुठल्याही ॲपवर पाहिलेलं नाही. तिसऱ्यानंतर खरंच झाड नव्हतं.

आणि समोरून येणारा सायकलस्वार दिसला तर थांबायचंच. असा एकच भेटला, साठीचा, पाठीमागे दोरीनं बांधलेली ताडपत्री. आम्ही रस्त्याच्या दोन कडांना पाय टेकून ओरडत बोललो. तो म्हणाला, पुढे उतार आहे. मीही म्हटलं, तुम्हालाही उतारच आहे. दोघंही थापा मारत होतो हे दोघांना ठाऊक होतं.

ट्रॅक्टरवाल्याशी तर एक शब्दही बोलणं झालं नाही. सतराव्या दिवशी समोरून वारा होता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. आपण पंधरानं चाललो आणि वारा समोरून वीसचा असला तर अंगावर पस्तीसची हवा येते, म्हणजे वारा नसतानाच्या पाचपटीहून जास्त रेटा. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत संपतं. रस्त्यावर सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत चाललं. मी वाकून, दात खाऊन, रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्या मोजत होते, तेवढ्यात एक ट्रॅक्टर मागून आला. मागे उंच ट्रॉली. शेजारून गेला आणि मी काही न ठरवता त्या ट्रॉलीमागे घुसले. एकदम शांतता. कानातला वारा कोणीतरी बटण दाबून बंद केल्यासारखा. (हे करू नये. त्यानं ब्रेक मारला असता तर मी ट्रॉलीवर आदळले असते. केलं खरं.) त्यानं आरशात पाहिलं. मला वाटलं आता हाकलेल. पुढे छोटा चढ आला, मी मागे पडायला लागले, आणि ट्रॅक्टरचा आवाज उतरला. त्यानं वेग कमी केला होता. सपाटी आली, पुन्हा वाढवला. असं पाच-सहा किलोमीटर, प्रत्येक चढाला कमी, प्रत्येक सपाटीला जास्त, अगदी माझ्या दमाच्या मापानं. मग तो उजवीकडच्या कच्च्या रस्त्याला वळला आणि वळताना मागे न बघता एक हात वर केला. त्याचा चेहरा मी पाहिलेलाच नाही. मानेवरचा निळा रुमाल तेवढा लक्षात आहे.

आता पंक्चरवाला.

एकोणिसाव्या दिवशी 'टण्' असा आवाज झाला आणि मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं. स्पोक, म्हणजे चाकाची तार, तुटला होता. मागच्या चाकाचा, उजव्या बाजूचा, गिअरच्या चकत्यांमागचा. सगळं वजन मागे, ओढ त्याच बाजूला, त्यामुळे बहुतेकांचा तिथेच तुटतो. माझ्याकडे जादा स्पोक होते, पण तो बसवायला चकत्या काढाव्या लागतात आणि त्याचं हत्यार मी घरी विसरले होते. ढकलत ढकलत एका टपरीशी पोचले. टायरांचा ढीग, पाण्याची घमेली, पन्नाशीचा माणूस. त्यानं चाक फिरवलं, बघितलं, आणि असलं हत्यार आपल्याकडे नाही असं सांगून टाकलं. मग एका गंजक्या डब्यात हात घालून माझ्या स्पोकपेक्षा बोटभर लांब असा एक जुना स्पोक काढला. त्याचं डोकं पक्कडीनं छाटलं. टोक एकदा इकडे, एकदा तिकडे वाकवून नागमोडी आकडा केला, तो चकत्यांमागच्या फटीतून हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकात अडकवला आणि दुसरं टोक रिमच्या निपलमध्ये, म्हणजे तार ताणणाऱ्या छोट्या नटमध्ये, फिरवलं. चकत्या जागच्या जागी. पाच मिनिटं लागली असतील. मग चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला बसला. एकेक तार नखानं छेडायची, कान जवळ न्यायचा, पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. तंबोरा लावणारा माणूस जसा बाकी जगाला नसल्यासारखं करतो, तसा बसला होता.

पैसे घेईना. मी आग्रह केल्यावर म्हणाला, "एक चक्कर मारू?"

थॉमस स्टीव्हन्स १८८४ ते १८८६ मध्ये उंच पुढच्या चाकाच्या सायकलवर जगभर गेला, तेव्हा तुर्कस्तानात, इराणात लोक त्याला घेरून "चालवून दाखव" म्हणून हटून बसायचे. इथे उलटं. हा म्हणत होता, मला चालवू द्या. सगळ्या सामानासकट. मी हो म्हटलं. तो बसला, झोकांडी खाल्ली, सावरला आणि वळणावरून दिसेनासा झाला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. माझे कपडे, पैसे, फोन, सगळं त्या सायकलवर. मी त्याच्या स्टुलावर बसून त्याच्या दुकानाची राखण करत होते आणि एक जण तेवढ्यात हवा भरायला आला, त्याची मी भरूनही दिली.

पंधराव्या मिनिटाला तो परत आला. उतरला, घाम पुसला, आणि म्हणाला, "ओझं जास्त आहे तुमचं."

मग पिशव्या उघडायला लावल्या. एकेक वस्तू काढायची आणि विचारायचं, "हे कशाला?" दुसरा टॉर्च. कशाला? तीन वह्या. कशाला? बंद पडलेला मीटर. त्यावर तर नुसताच बघत राहिला. स्टीव्हन्सकडे मोजे, एक जादा शर्ट, तंबूचं काम करणारा रेनकोट आणि एक रिव्हॉल्व्हर एवढंच होतं. लंडनडेरीबाईंनी शिकागोत ४२ पौंड वजनाची सायकल टाकून २१ पौंड वजनाची घेतली. हे सगळं वाचलेलं असूनही मी तीन वह्या वाहत होते. दहा-अकराचा पाना निघाला तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या सायकलला या मापाचा एकही बोल्ट नाही." आणि पाना स्वतःच्या डब्यात टाकला. तीच त्याची मजुरी म्हणायची.

पुढचे चार दिवस तो स्पोक टिकला. घरी आल्यावर सायकल नेहमीच्या मेकॅनिककडे दिली. त्यानं चाक स्टँडला लावलं, फिरवलं, त्या नागमोडी आकड्याशी थांबला. "हे कोणी केलं?" मी जरा बचावाच्याच पवित्र्यात म्हटलं, रस्त्यात एकानं, बदलायचा तर बदल, पण मला राहू द्यायचाय.

त्यानं सगळ्या छत्तीस तारा एकेक करून छेडल्या.

"ही बरोबर आहे," तो म्हणाला. "बाकीच्या पस्तीस ढिल्या आहेत."